बाटलीतले जीवाणू आणि गाळलेले पाणी



आषाढ लागला, चातुर्मासाचे वेध लागले, आणि त्याबरोबर या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही पोटाकडे वळला. यंदा वेगवेगळ्या गावांतून आलेल्या पत्रांत जवळजवळ एकच प्रश्न आहे. एका आजींनी विचारले आहे की, पावसाळ्यात नातवाला वारंवार जुलाब होतात, तेव्हा रोज एक प्रोबायोटिक पेयाची छोटी बाटली दिली तर संसर्ग टळेल काय आणि रोगप्रतिकारशक्ती वाढेल काय? दुसऱ्या पत्रात असे पेय आपल्या आहारमर्यादेत बसते काय, अशी शंका आहे. तिसरे पत्र एका दुकानदार बंधूंचे आहे. ते लिहितात, ‘मी हा माल ठेवतो, गिऱ्हाईक गुण विचारते, तेव्हा खरे काय सांगावे?’ प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे द्यावयास हवे. थोडक्यात सांगायचे तर या पेयांचा गुण आहे, पण तो थोडा आहे. आणि तो ज्या कामासाठी सिद्ध झाला आहे, त्यापेक्षा पुष्कळ मोठ्या कामासाठी ती विकली जातात.

या कल्पनेला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असा विचार मांडला की, मोठ्या आतड्यात कुजण्याची क्रिया घडविणारे जीवाणू माणसाला अकाली जर्जर करतात आणि आंबट दुधातील जीवाणू त्यांना आवर घालतात. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते रक्तातील भक्षक पेशींच्या शोधासाठी, दह्यासाठी नव्हे. जाहिरातींत ही दोन कामे अनेकदा एकत्र गुंफली जातात, म्हणून हा खुलासा. पुढे १९३० साली जपानमधील क्योतो येथे डॉक्टर मिनोरु शिरोता यांनी जठरातील आम्लातून जिवंत पार होणारा एक विशिष्ट जीवाणू निवडून वाढवला आणि १९३५ मध्ये तो घातलेले ‘याकुल्ट’ हे पेय बाजारात आले. त्या काळी जपानमध्ये मुले आतड्यांच्या साथींनी मरत, आणि शिरोतांचा हेतू औषधोपचाराचा नसून प्रतिबंधाचा होता. आज आपल्याकडे शहरोशहरी मिळणारी ६५ मिलिलिटरची बाटली ती हीच. तिच्यात साडेसहाशे कोटींहून अधिक जिवंत जीवाणू असल्याचे वेष्टनावर लिहिलेले असते.

साडेसहाशे कोटी हा आकडा ऐकून दडपून जाण्याचे कारण नाही. आपल्या आतड्यात मुळातच काही लाख कोटी जीवाणूंची वस्ती असते. त्या वस्तीत हे नवे जीव धर्मशाळेतल्या प्रवाशासारखे येतात, थोडे दिवस राहतात आणि पेय बंद केले की बहुतांशी निघून जातात. मात्र मुक्कामाच्या काळात ते काही कामे करतात. ते दुग्धाम्ल तयार करतात, त्यामुळे काही रोगजंतूंना प्रतिकूल स्थिती निर्माण होते. रोगजंतूंशी अन्नासाठी आणि आतड्याच्या अस्तरावर चिकटण्याच्या जागेसाठी स्पर्धा करतात. आणि अस्तराखाली असलेल्या संरक्षक पेशींना सतत थोडे जागे ठेवतात. शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या भिंतीत असतो, त्यामुळे पोट आणि प्रतिकारशक्ती यांचा संबंध खराच आहे. परंतु परीक्षानळीत दिसलेला परिणाम माणसात किती उतरतो, हे माणसांवरील काटेकोर चाचणीनेच कळते.

अशी एक मोठी चाचणी आपल्याच देशात झाली, आणि मला ती सर्वांत उद्बोधक वाटते. कोलकात्याच्या झोपडपट्टीतील १ ते ५ वर्षे वयाच्या ३,७५८ मुलांना दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला १२ आठवडे रोज शिरोता जीवाणू असलेले पेय दिले, दुसऱ्या गटाला तसेच दिसणारे पण जीवाणू नसलेले पोषक पेय. कोणाला काय मिळते हे मुलांच्या घरच्यांना ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यांनाही नव्हते. त्यानंतर आणखी १२ आठवडे मुलांवर लक्ष ठेवले. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: जीवाणू मिळालेल्या गटात ६०८ मुलांना जुलाब झाले, दुसऱ्या गटात ६७४ मुलांना. संशोधकांनी संरक्षणाचे प्रमाण १४ टक्के काढले.

आपण व्यापारी माणसे, तेव्हा या टक्केवारीचा हिशेब वहीत मांडून पाहू. प्रत्येक गटात सुमारे १,८८० मुले होती. म्हणजे पेय न मिळालेल्या दर १०० मुलांपैकी ३६ जणांना जुलाब झाले आणि मिळालेल्या दर १०० पैकी ३२ जणांना. फरक सुमारे ६६ मुलांचा. म्हणजे एका मुलाला जुलाबापासून वाचवण्यासाठी साधारण २८ ते २९ मुलांनी १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस, रोज एक बाटली प्यायची. गुणाकार केला तर दोन हजार चारशेच्या आसपास बाटल्या होतात. बाटलीची किंमत आपणांस ठाऊक आहे. पुढचा गुणाकार आपणच करावा.

हा हिशेब मी थट्टेने मांडलेला नाही. जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४० हजार मुले अतिसाराने दगावतात. तेथे १४ टक्के ही संख्या क्षुल्लक म्हणता येत नाही. शिवाय ती चाचणी जेथे दूषित पाणी आणि दाटीवाटीची वस्ती होती तेथे झाली. ज्या घरात पाणी उकळले जाते आणि मुलाला मुळातच क्वचित जुलाब होतात, तेथे टळणारे प्रसंगही त्याच प्रमाणात कमी असणार.

येथे टाळणे आणि बरे करणे यांतला भेद ध्यानात ठेवावा. जुलाब सुरू झाल्यावर प्रोबायोटिक दिल्याने मूल लवकर बरे होते, अशी समजूत डॉक्टरांतही पुष्कळ वर्षे होती. २०१८ साली अमेरिका आणि कॅनडा येथील दोन मोठ्या चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेतील चाचणीत ९७१ मुले होती, कॅनडातील चाचणीत ८८६. पेय नव्हे, तर औषध म्हणून प्रोबायोटिक जीवाणू दिले गेले होते. दोन्ही ठिकाणी ते मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या आजारात लक्षणीय फरक दिसला नाही. त्यानंतर अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत त्या देशांतील मुलांच्या तीव्र जुलाबात प्रोबायोटिक देऊ नये असे सुचविले. युरोपातील बालरोगतज्ज्ञ मात्र काही निवडक जीवाणूंना अजूनही मर्यादित मान्यता देतात. तज्ज्ञांतच असा मतभेद असता, जुलाब लागलेल्या बालकाला घरच्या घरी बाटली पाजून वाट पाहणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिजैविके घेतल्याने होणाऱ्या जुलाबांची बाजू त्यापेक्षा बळकट आहे. ही औषधे रोगजंतूंबरोबर आतड्यातील उपयुक्त वस्तीही उद्ध्वस्त करतात. मुलांवरील ३३ अभ्यासांच्या २०१९ च्या एका संकलित आढाव्यात असे जुलाब प्रोबायोटिक न घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना आणि घेणाऱ्यांपैकी ८ टक्क्यांना झालेले आढळले. वृद्धांच्या बाबतीत मात्र चित्र विस्कळीत आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली १३५ रुग्णांवर एका प्रोबायोटिक पेयाची चाचणी झाली आणि गुण ठळकपणे दिसला. पण २०१३ मध्ये तेथेच सुमारे २,९४० वृद्ध रुग्णांवर दुसऱ्या जीवाणूंच्या कुपीची चाचणी झाली, तेव्हा १०.८ आणि १०.४ टक्के असे जवळजवळ सारखेच आकडे आले. पेय वेगळे, जीवाणू वेगळे, रुग्ण वेगळे. ‘प्रोबायोटिक’ हा एकच शब्द वापरून सगळ्यांना एका तराजूत तोलणे, हीच या क्षेत्रातील मोठी गफलत आहे. ‘मसाला’ म्हटल्याने हळद आणि हिंग एक होत नाहीत.

ओडिशातील एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांना एक विशिष्ट जीवाणू आणि त्याचे खाद्य असलेली शर्करा काही दिवस दिली गेली. रक्तदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने जगाचे लक्ष वेधले. पण तो जीवाणू अनेक जीवाणू पारखून निवडलेला होता आणि ती बालके पूर्ण दिवसांची, स्तनपान घेणारी होती. उलट अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना रुग्णालयात प्रोबायोटिक देण्याविषयी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये धोक्याचा इशारा दिला, कारण अशा कोवळ्या देहात हे ‘मित्र’ जीवाणूच रक्तात शिरू शकतात.

आता ‘रोगप्रतिकारशक्ती वाढते’ या वाक्याकडे वळू. महासाथीनंतर हे वाक्य चहापासून साबणापर्यंत सर्वत्र छापले जाऊ लागले. सर्दीपडशाचे प्रसंग प्रोबायोटिकमुळे काहीसे कमी होतात असे काही आढाव्यांत दिसते, मात्र तो पुरावा पक्का मानला जात नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली याच शिरोता जीवाणूचा श्वसनमार्गाच्या संरक्षणाविषयीचा दावा तपासला आणि कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी अमेरिकेत डॅनन कंपनीने सर्दी आणि फ्लू टळतो या तऱ्हेचे दावे थांबवण्याचे मान्य केले आणि ३९ राज्यांशी तडजोड म्हणून २ कोटी १० लाख डॉलर भरले. दुकानदार बंधूंनी हे विशेष लक्षात ठेवावे. गिऱ्हाइकाला ‘पचनाला थोडी मदत होऊ शकते’ एवढेच सांगणे सत्याच्या जवळ आहे. ‘आजार होणार नाही’ हे सांगणे नाही.

गंमत अशी की, त्याच युरोपीय प्राधिकरणाने २०१० साली एक दावा मान्य केला, तो साध्या दह्याचा. जिवंत विरजण असलेल्या दह्यामुळे दुधातील शर्करा पचण्यास मदत होते, हे त्यांनी स्वीकारले. दूध पचत नाही पण ताक पचते, हा आपल्या घरोघरीचा अनुभव आहे. अर्थात घरच्या विरजणात कोणते जीवाणू किती आहेत हे घरोघरी आणि ऋतूऋतूत बदलते. त्यामुळे कोलकात्याचा निष्कर्ष ताकाला जसाच्या तसा लावता येणार नाही. ताजे ताक हे उत्तम अन्न आहे, एवढे पुरेसे आहे. मात्र भरण्यापूर्वी उष्णता देऊन टिकाऊ केलेल्या पाकीटबंद ताकात जिवंत जीवाणू उरत नाहीत. कढीतही नाहीत, आपल्याकडे तर द्विदलाचा दोष टाळण्यासाठी बेसन मिसळण्याआधीच ताक तापवतात, तेव्हा कढी चवीसाठी खावी, जीवाणूंसाठी नव्हे.

आहारमर्यादेच्या प्रश्नाला मी वैद्यकीय बाजूने जेवढे सांगता येईल तेवढेच सांगतो. दह्याच्या काळमर्यादेविषयी श्वेतांबर आणि दिगंबर परंपरांत भेद आहे, आणि बाटलीतील पेय तर कारखान्यात काही दिवस आंबवून नंतर कित्येक आठवडे टिकवलेले असते. त्याचा निर्णय आपापल्या गुरुभगवंतांना विचारूनच करावा. नव्याने लोकप्रिय झालेल्या कोंबुचा या आंबवलेल्या चहात आणि केफिर या दुधाच्या पेयात जीवाणूंबरोबर यीस्टही असते आणि त्यामुळे अल्प प्रमाणात मद्यार्क तयार होतो. घरी अधिक दिवस ठेवलेल्या कोंबुचात तो वाढतो. ही माहिती वेष्टनावर ठळक नसते, म्हणून येथे सांगितली. उत्तरेकडील कांजीत काळे गाजर पडते, ते कंदमूळ. ज्यांना या साऱ्यांचा त्याग आहे, त्यांनी आपले आरोग्य उणे पडेल अशी चिंता बाळगू नये. तसा कोणताही पुरावा नाही.

किंबहुना पोटाच्या संसर्गाविरुद्धचे याहून मोठे साधन आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि ते आहे पाणी गाळण्याचे वस्त्र आणि पाणी उकळण्याचे पातेले. यामागचा मूळ हेतू जीवदयेचा आहे, आरोग्याचा नव्हे. तरी आरोग्याचा लाभ त्यातून झाला हे नाकारता येत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागातील ६५ गावांत एक प्रयोग केला. बायकांनी जुन्या सुती साडीच्या अनेक घड्या करून तीतून तळ्यानदीचे पाणी गाळावे, एवढाच तो उपाय. कॉलऱ्याचा जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो. ते प्राणी कापडात अडकले की जंतूंचा मोठा भारही अडकतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. तो आजार वेगळा आणि कोलकात्याचा अभ्यास वेगळा, त्यामुळे ४८ आणि १४ हे आकडे शेजारी ठेवून स्पर्धा लावू नये. पण जुन्या साडीची किंमत शून्य होती, हे विसरूही नये.

कापडाने विषाणू आणि मोकळे जीवाणू मात्र अडत नाहीत. त्यासाठी पाणी उकळलेच पाहिजे. खळखळून एक मिनिट उकळी आली की पोटाच्या आजारांचे जंतू मरतात. पुढचा धोका असतो तो उकळलेल्या पाण्यात पुन्हा हात किंवा ओगराळे बुडण्याचा. श्वेतांबर परंपरेत उकळलेल्या पाण्याला पावसाळ्यात तीन प्रहरांची, म्हणजे सुमारे नऊ तासांची मर्यादा आहे, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच. जे घर ही मर्यादा पाळते तेथे शिळे पाणी साठून राहत नाही. दुःख याचे वाटते की, घरी हे सारे काटेकोर पाळणारी कुटुंबे लग्नसमारंभातील बर्फाच्या सरबताबाबत आणि प्रवासातील उघड्या चटणीबाबत बेफिकीर असतात, आणि मग परतल्यावर बाटलीच्या शोधात निघतात. मुलांना रोटाव्हायरसची लस वेळेवर द्यावी; २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आहे.

आणि तरीही जुलाब लागले तर? तर त्या आजींनी बाटलीकडे न वळता क्षारसंजीवनीकडे वळावे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत असताना कोलकात्याचे डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण मोठ्या प्रमाणावर तोंडाने पाजण्याचे धाडस केले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. औषधाच्या दुकानातील ओआरएसची पुडी वेष्टनावर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ कधीही अंदाजाने टाकू नये. लहान मुलांना यासोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताची मात्रा १० ते १४ दिवस द्यावी, आणि तान्ह्या बाळाचे स्तनपान थांबवू नये. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले तर तास मोजत बसू नये. पेयांच्या नावात ‘ओआरएस’ अक्षरे घालून गोड सरबते विकण्याची प्रथा पडली होती, ती भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात बंद केली. तरी जुना माल कपाटात असेल तर तपासावा.

ज्यांना हे पेय चालते आणि परवडते त्यांनी ते घ्यावयास हरकत नाही, परंतु काही जणांनी आधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. कर्करोगावरील उपचार घेणारे, अवयवप्रत्यारोपण झालेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण यांच्या बाबतीत जिवंत जीवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्ग करू शकतात. मधुमेहींसाठी वेगळी सूचना आहे. मूळ गोडीच्या छोट्या बाटलीत सुमारे १० ग्रॅम साखर असते, आणि ती ‘आरोग्यपेय’ म्हणून हिशेबातून निसटते.

राहता राहिले दुकानदार बंधू. आपल्या देशातील नियमानुसार प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थाच्या दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जीवाणू असावे लागतात आणि जीवाणूचे पूर्ण नाव वेष्टनावर द्यावे लागते. केवळ ‘प्रोबायोटिक’ असे मोठ्या अक्षरांत छापलेला, पण नाव आणि संख्या नसलेला माल घेऊ नये. याकुल्टसारखे पेय १० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावयाचे असते. वीजबिल वाचवण्यासाठी रात्री शटर ओढताना शीतकपाटाचे बटण बंद करण्याची जी सवय बाजारात आहे, तिने दूध नासते ते सकाळी लगेच दिसते. जीवाणू कमी झाले ते कोणाला दिसत नाही, आणि गिऱ्हाईक मात्र पूर्ण किंमत मोजून जाते.